'पर्यावरण बचाव वकील' म्हणजे नक्की कोणाचा वकील?

अनुवादिनी
एका अमेरिकन वकिलाचा व्यवसाय-परिचय मराठीत करायला आला आहे. गृहस्थांनी तीस वर्षं 'एन्व्हायर्नमेंटल अँड मास टॉर्ट डिफेन्स' केलं. पाणी, माती, हवा नासवल्याचे दावे ज्या कंपन्यांवर होतात, त्या कंपन्यांची बाजू ते कोर्टात मांडतात. पहिल्या खर्ड्यात मी 'पर्यावरण संरक्षण व सामूहिक अपकृत्य क्षेत्रातील वकील' असं लिहिलं. घरी वाचून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, "चांगलं काम करतो गं, झाडं वाचवतो." अर्थ पार उलटा! 'संरक्षण' काढून 'बचाव' घातलं, तर ते थेट नर्मदा बचाव आंदोलनाच्या पंगतीला जाऊन बसले. म्हणून दोन प्रश्न. डिफेन्सचं काय करू? आणि मास टॉर्टला 'सामूहिक अपकृत्य' चालेल का? (टॉर्ट म्हणजे ज्याची भरपाई दिवाणी कोर्टात मागता येते अशी केलेली इजा. मास टॉर्ट म्हणजे ती एकदम पुष्कळांना झालेली.)

शिरस्तेदार
'बचाव पक्ष' हा फौजदारीतला शब्द, आरोपीचा. टॉर्टचा दावा दिवाणी. तिथे वादी आणि प्रतिवादी. 'पर्यावरणविषयक दाव्यांत प्रतिवादी कंपन्यांचे वकील' असं लिहा, संशयाला जागा उरणार नाही. 'अपकृत्य' योग्य आहे. 'दुष्कृत्य' नको, कारण त्यात मनातला दुष्ट हेतू येतो आणि टॉर्टला नुसता निष्काळजीपणाही पुरतो. शिवाय कृपा करून कुठेही 'खटला' लिहू नका. दिवाणी कोर्टात चौतीस वर्षं काढली, तिथे दावा असतो. खटला फौजदारीत.

कृष्णाकाठ
काका, हा भेद कोर्टाच्या आवारात ठीक आहे. आमच्या गावात बांधाच्या भांडणालाही 'खटला चालू आहे' असंच म्हणतात आणि समोरच्याला ते नीट कळतं. वाचणाऱ्याला कळतो तो शब्द बरोबर, असं माझं ठाम मत आहे.

आमच्याच घरचं सांगतो. आबांच्या विहिरीत एका कारखान्याची मळी झिरपली. पाणी चहासारखं तांबूस झालं, बैलंसुद्धा तोंड लावेनात. आबांनी दावा लावला. (हो काका, दावा.) कारखान्याचं उत्तर हिरव्या लेजर कागदावर टाइप होऊन आलं. त्यातलं एक वाक्य आबा शेवटपर्यंत तोंडपाठ म्हणायचे: 'कलम ३ मधील मजकूर खरा व बरोबर नसून तो प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.' उलटतपासात त्यांच्या वकिलाने एवढंच विचारलं, "विहिरीपासून तुमचा उकिरडा किती पावलांवर?" आबा खरं बोलणारे. म्हणाले, "वीस." तिथून पुढे सगळी चर्चा उकिरड्यावर गेली. अनुवादिनीताई, तुमचे गृहस्थ तीस वर्षं हेच करत असणार. त्याला नेमका शब्द हवा.

ओहायोकर
अगदी हेच करतात. मी सिनसिनाटीत एका लॉ फर्ममध्ये कागदपत्रांचं काम करते. आमच्या भागातलं मोठं प्रकरण पार्कर्सबर्गजवळच्या ड्यूपाँटच्या कारखान्याचं. टेफ्लॉनसाठी लागणारं 'सी-८' नावाचं रसायन ओहायो नदीकाठच्या गावांच्या पिण्याच्या पाण्यात गेलं होतं. सुमारे ६९,००० लोकांनी रक्त तपासायला दिलं. तीन शास्त्रज्ञांच्या समितीने सहा आजारांशी संबंध असल्याचा निष्कर्ष काढला. तसा निष्कर्ष आला तर या रसायनाने तो आजार होऊ शकतो हे नाकारायचं नाही, असं कंपनीने आधीच्या तडजोडीत मान्य केलेलं होतं. मग बचावाला उरलं काय? 'याच बाईंचा कॅन्सर यानेच झाला कशावरून?' वजन, आनुवंशिकता, सगळं निघतं. तो उकिरडाच. शेवटी २०१७ मध्ये सुमारे ३,५५० दावे ६७.१ कोटी डॉलरवर मिटले.

'सामूहिक'वर माझा आक्षेप आहे. मराठीत 'सामूहिक' करणाऱ्यांना चिकटतं: सामूहिक विवाह, सामूहिक शेती, सामूहिक बलात्कार. 'सामूहिक अपकृत्य' वाचून वाटतं की दहा जणांनी मिळून काही केलं. इथे करणारा बहुधा एक, सोसणारे हजारो. शिवाय प्रत्येकाचा दावा वेगळाच राहतो. आधी मोजके दावे ज्युरीपुढे चालवून अंदाज घेतात. त्यांना इंग्रजीत घंटा बांधलेल्या मेंढ्याचं नाव आहे, ज्याच्या मागे कळप जातो. त्याला मराठीत काय म्हणाल?

शिरस्तेदार
'वानगीचे दावे'. शब्द घरात आहे, मेंढा आणायची गरज नाही.

शब्दवेधी
'वानगी' फार सुंदर! पण मुळात 'अपकृत्य' तरी का? तो कोशात बसून घडवलेला शब्द आहे, कोणाच्या आजीने कधी वापरला नाही. टॉर्टचं मूळ लॅटिन, अर्थ पिळलेलं, वाकडं. आणि आपण काय म्हणतो? "मी तुझं काय वाकडं केलं?" हाच तो टॉर्ट! दोन्हीकडे इजेला वाकडेपणाच सुचला.

शिरस्तेदार
साम्य छान आहे, पण न्यायाधीशापुढे 'प्रतिवादीने वादीचे वाकडे केले' असं लिहून देता येणार नाही. परिभाषा ही घडवावीच लागते.

भोपाळकर
माझं बालपण भोपाळच्या जुन्या शहरातलं, घरची भाषा मराठी. २ डिसेंबर १९८४ च्या गॅसगळतीच्या रात्रीला कोणी 'दुर्घटना' म्हणालं की आई चिडायची. म्हणायची, दुर्घटना म्हणजे आपोआप घडलेलं. ती 'कांड' म्हणायची. दावे आधी न्यूयॉर्कला गेले. तिथे युनियन कार्बाइड कंपनीच्या वकिलांनी हे भारतातच चालवा असा आग्रह धरला, १९८६ मध्ये न्यायाधीश कीनन यांनी तो मानला आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. आम्हाला मात्र सगळे 'गॅसपीडित' म्हणायचे. नाव सोसणाऱ्यावरून पडलं. 'सामूहिक'ऐवजी त्या दिशेने शोधा: 'बहुपीडित अपकृत्य'?

अनुवादिनी
'प्रतिवादी कंपन्यांचे वकील' घेतलं. 'बहुपीडित' वाक्यात घालून बघते, अजून जिभेवर बसत नाही. पण कृष्णाकाठ, आबांना आलेल्या त्या हिरव्या कागदाला कोर्टात काय म्हणतात? परिचयात हे गृहस्थ 'उत्तरं तयार करण्यात निष्णात' असंही आहे.

शिरस्तेदार
कैफियत. लेखी कैफियत.

कृष्णाकाठ
काय सांगता! कैफियत तर गाऱ्हाणं घेऊन येणारा मांडतो. 'पूरग्रस्तांनी मंत्र्यांपुढे कैफियत मांडली' असं रोज छापून येतं. आबांची कैफियत कारखान्याकडे कशी जाईल?

शिरस्तेदार
पेपरवाल्यांनी अर्थ फिरवला. दिवाणीत कैफियत प्रतिवादीची.

शब्दवेधी
काका, फिरवला कसा? मूळ अरबी 'कैफ', म्हणजे 'कसं'. कैफियत म्हणजे कसं घडलं त्याची हकीकत, ती कोणाचीही असू शकते. पूर्वी गावोगावच्या कैफियती लिहून घेत, तिथे कोण प्रतिवादी होता?

कृष्णाकाठ
आणि नशेचा कैफ? तो याच घरातला का?

भोपाळकर
आमच्याकडे उर्दूत 'तबीयत की कैफ़ियत' विचारतात. आई दर वेळी ओपीडीत तीच सांगायची, खोकला कधीपासून, धाप किती पायऱ्यांवर लागते. ती कैफियत कोणाच्या बाजूची धरायची, काका?