मदत हवी आहे: ठेच लागून शिकेल म्हणून बनवलेला रोबो आता जागचा हलेना

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. घरचे चादरीचे माग आहेत. सुताने भरलेल्या कांड्या मागापर्यंत नेणारी दोन चाकांची गाडी करतोय. ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर बोर्ड) वर क्यू-लर्निंग (गुण-दंड मिळत मिळत चाल शिकायची पद्धत), गॅमा (पुढच्या पावलाच्या गुणांना किती वजन द्यायचं तो आकडा) ०.९५. 'वेदना' अशी ठरवली: बंपर धडकला तर -१०, मोटर अडून करंट चढला तर -५. कांडी पोचली की +२०.

पहिल्या दिवशी मस्त धडपडली. चौथ्या दिवशी दोन मागांमधल्या बोळात थांबली ती थांबलीच. आई कांड्या भरता भरता म्हणाली, "सारखा मार खाल्लेलं पोरगं कोपरा धरून बसतंय की. तसंच झालंय हे."

मग दर पावलाला -१ लावला. आता सुरू केली की सरळ भिंतीवर जाऊन आपटते! (धडकली की मी फेरी संपवतो.) तो -१ काढून मागाजवळ सरकल्याबद्दल +१ दिला, तर बॅटरी उतरेपर्यंत पुढे-मागे करत गुण गोळा करते.

वेदना किती द्यायची याचा काही हिशोब असतो का? पुढच्या आठवड्यात डेमो आहे.

प्रतिसाद १
भिंतीवर आपटते यात तिचं काही चुकत नाही. दर पावलाला -१ आणि गॅमा ०.९५, म्हणजे कायम भटकायची किंमत -१ भागिले (१ - ०.९५), म्हणजे -२०. आपटून सुटका -१० मध्ये. स्वस्त पडतंय ना! दंड ०.१ कर, भटकंती -२ वर येईल. आणि धडकेवर फेरी संपवू नकोस.

पुढे-मागेचं दुखणं जुनं आहे. १९९८ मध्ये रँडलोव्ह आणि आल्स्ट्रोम यांनी कॉम्प्युटरमधल्या सायकलला ध्येयाकडे सरकल्याचे गुण दिले, लांब गेल्याचे कापले नाहीत. सायकल गोल गोल फिरत बसली. १९९९ मध्ये इंग, हाराडा आणि रसेल यांनी तोड सांगितली: प्रत्येक जागेला एक किंमत द्यायची, आणि बक्षीस म्हणजे गॅमा गुणिले नव्या जागेची किंमत, वजा जुन्या जागेची. परतली की कमाई गेली, आणि मुळातली सर्वांत चांगली चाल बदलत नाही.

प्रतिसाद २
बाळा, धडकल्यावर मागे येणं शिकवायचं कशाला? तव्याचा चटका बसला की हात आधी मागे येतो, दुखलेलं नंतर कळतं; ते मणक्यातूनच होतं. तेवढं थेट कोडमध्ये लिही. करंटचा दंड मात्र एकदम -५ नको, चढेल तसा वाढू दे. आणि गाडी उलटी करून बघितलीस का? मागाखाली तूस किती असतो!

धागाकर्ता
काका, आत्ता बघितलं. डाव्या चाकाच्या एक्सलला बोटभर तूस आणि चादरीचा लाल धागा गुंडाळलेला. म्हणजे बिचारी नुसती चालली तरी करंट चढून -५ बसत होता. साफ केलंय. आता क्यू-टेबल (शिकलेलं सगळं साठवलेला तक्ता) पुसून पहिल्यापासून शिकवू, की आहे तेच पुढे चालवू?