प्रौढ एडीएचडी आणि करिअर : कोणती कौशल्यं कमावलीत?

एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि चंचलता, उतावळेपणा आवरणं अवघड करणारा विकार, फक्त लहान मुलांना असतो, हा समज अजून गेलेला नाही. २०१३च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी पुस्तिका) १७ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी निदानाचा निकष ६ऐवजी ५ लक्षणांवर आणला गेला. काही लक्षणं मात्र वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावी लागतात. निदानाबद्दल बरंच बोललं जातं. वर्षानुवर्षं कामात टिकायला आणि पुढे जायला तुम्ही नेमकं काय शिकलात, ते इथे तपशिलात लिहा.

सॉफ्टवेअर, टीम लीड
माझी अडचण सुरुवात करण्याची. यादीत ‘रिपोर्ट लिहिणे’ असेल तर ते आठवडाभर तसंच पडून राहतं. ‘फाइल उघड, दुसऱ्या तक्त्याला शीर्षक दे’ असं लिहिलं की हात चालायला लागतो. म्हणून संध्याकाळी कामावरून उठताना वाक्य मुद्दाम अर्धवट सोडते आणि त्याखाली ठळक अक्षरांत उद्याची पहिली कृती लिहून ठेवते. सकाळी विचार न करता तिथूनच पुढे.

याहून मोठा फरक पडला तो मागायला शिकल्यामुळे. महिनाभरानंतरची डेडलाइन मला जाणवतच नाही, म्हणून मॅनेजरकडून मधले टप्पे मागून घेते. दर बुधवारी कच्चा मसुदा दाखवायचा. तोंडी सांगितलेलं काम लगेच मेलवर लिहून ‘बरोबर ना?’ असं विचारते. निदान उघड न करताही हे सगळं मागता येतं, हे नव्यांना आवर्जून सांगावंसं वाटतं.

लेखापाल
किती वाजले ते कळतं, किती वेळ उरलाय ते जाणवत नाही. उरलेला वेळ रंगीत चकतीत दाखवणारा टायमर टेबलावर ठेवलाय. पोमोदोरोची (ठरावीक वेळ काम, मग छोटी विश्रांती अशी पद्धत) २५ मिनिटं मला पुरत नाहीत, तंद्री लागते न लागते तोच घंटा वाजते. मी ती वेळ वाढवून घेतली.

संशोधन सहायक
मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाने लक्ष टिकायला लागलं. ते कशावर लावायचं, हे मात्र सीबीटीच्या (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत) सत्रांमध्ये शिकावं लागलं. दोन्ही लागलं.

डिझायनर
कंटाळवाणी कामं एका सहकाऱ्यासोबत व्हिडिओ कॉल लावून करतो. माइक बंद, ज्याचं त्याचं काम. बढती आली तेव्हा व्यवस्थापनाऐवजी तज्ज्ञाची वाट मागितली. मंजुऱ्या, हजेऱ्या, पाठपुरावा यांतच माझी सगळी ताकद खर्च झाली असती. आता ती डिझाइनला मिळते.