25 मार्चला आलेले आगाऊ पैसे विक्रीत धरायचे का?

प्रश्न – बीकॉम_नाशिक
सरावाचं गणित आहे. पिंपळगाव बसवंतचा व्यापारी नाशिकरोडच्या दुकानदाराला 500 किलो बेदाणे 200 रुपये किलोने देणार. 25 मार्चला 30,000 आगाऊ बँकेत आले, माल 10 एप्रिलला जाणार. पैसे मार्चमध्येच आले, मग यंदाच्या विक्रीत धरायचे ना? तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाजूंचा ताळा) जुळतेय. आणि माल दिलाच नाही तर?

खतावणी
विक्रीत नको. 31 मार्चला व्यापारी दुकानदाराचं देणं लागतो. कीर्द, म्हणजे रोजच्या वहीतली नोंद, अशी: बँक खाते नावे (डेबिट) 30,000, ग्राहकाकडून आगाऊ रक्कम खाते जमा (क्रेडिट) 30,000. ताळेबंदात हे चालू देण्यांत बसतं.

तेरजेवर विसंबू नका. विक्री खाते जमा केलं तरी दोन्ही बाजू 30,000च, ती जुळणारच. ही तत्त्वाची चूक आहे: नफा 30,000 जास्त दिसतो, देणी तेवढीच कमी. बेदाणे 31 मार्चला गोदामात असतील, तर ते अखेरच्या शिल्लक मालातही यायला हवेत.

10 एप्रिलला (जीएसटी सोडून): आगाऊ रक्कम खाते नावे 30,000, दुकानदार खाते नावे 70,000, विक्री खाते जमा 1,00,000. बरेच जण दुकानदाराच्या नावे अख्खा लाख टाकतात आणि आगाऊचं खातं तसंच लोंबकळत राहतं.

कलम_73
माल दिलाच नाही तर भारतीय करार कायदा 1872, कलम 73 प्रमाणे नुकसानभरपाई. ठरलेल्या दिवशी बाजारभाव 230 असेल, तर फरक 30 × 500 = 15,000, शिवाय आगाऊचे 30,000 परत. भाव 190 असेल तर भावफरकाची भरपाई शून्य, आगाऊ तेवढी परत. करारात 50,000 दंड लिहिला असला, तरी कलम 74 प्रमाणे ती कमाल मर्यादा. न्यायालय वाजवी वाटेल तेवढीच देतं.

बीकॉम_नाशिक
दुकानदारच फिरला तर व्यापारी 30,000 ठेवून घेऊ शकतो?

कलम_73
करार नीट वाचा. रक्कम इसार म्हणून, करार पाळण्याची हमी म्हणून दिली असेल आणि जप्तीची अट असेल, तर वाजवी इसार ठेवता येतो. नुसता किमतीचा आगाऊ हप्ता असेल, तर झालेलं नुकसान वळतं करून बाकी परत करावी लागते.

खतावणी
इसार जप्त झालाच, तर आगाऊ रक्कम खाते नावे, इतर उत्पन्न खाते जमा. विक्री खात्याला तेव्हाही हात लावू नका. बेदाणे गोदामातच आहेत.