महागडा राऊटर घेण्याआधी घरात लॅन केबल ओढा, पटतंय का?

केबलवाला_पुणे
नवीन फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या ओळखीतल्या प्रत्येकाचा हल्ली एकच प्रश्न असतो, हॉलमध्ये नेट सुसाट आणि मागच्या बेडरूममध्ये मीटिंग अडकते, तर कुठला राऊटर घेऊ? माझं स्पष्ट मत आहे की नुसता राऊटर बदलून या दुखण्यावर बहुतेक वेळा इलाज होत नाही, मग तो आठ अँटेनांचा का असेना. वायफायला दोन्हीकडून बोलावं लागतं. राऊटरचा सिग्नल फोनपर्यंत आला तरी फोनचा सिग्नल परत राऊटरपर्यंत पोचायला हवा ना, आणि फोन पडला बॅटरीवर चालणारा, त्याची ताकद बहुतेक वेळा कमीच. म्हणून स्क्रीनवर रेंज चांगली दिसते आणि कॉलवर समोरचा म्हणतो, अहो आवाज तुटतोय तुमचा.

त्यात हल्लीच्या टॉवरमध्ये मायवानचं बांधकाम. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात, विटा नाहीतच, आत सळ्यांची जाळी. वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशा दोन भिंती ओलांडून गेला की त्यात काही राहत नाही. २.४ गिगाहर्ट्झवालं थोडं जास्त लांब जातं, पण त्यावर आख्ख्या मजल्याची गर्दी.

उपाय एकच, बेडरूमपर्यंत कॅट-६ प्रकारची लॅन केबल न्या आणि तिथे साधा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलमधलं नेट वायफायने देणारा डबा, लावा. भिंत फोडायची गरज नसते, बिल्डरने टीव्ही पॉइंटसाठी टाकलेला पाइप असतोच. त्यातल्या डिशच्या वायरच्या टोकाला कॅट-६ बांधायची, जोड टेपने गुळगुळीत गुंडाळायचा, एकाने हॉलकडून सोडत राहायचं आणि दुसऱ्याने बेडरूममधून हळू ओढायचं. वळणावर अडकली तर हिसका द्यायचा नाही, थोडी मागे घेऊन पुन्हा ओढायची.

भाड्याने_वाकड
दादा, तुमचं सगळं बरोबर, पण हे स्वतःच्या घरात. आमचं अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, मालक खिळा ठोकू देत नाहीत आणि स्विचबोर्ड उघडला म्हटलं तर डिपॉझिट विसरायचं. माझ्यासारख्याने मेशच घ्यावं, म्हणजे आपसात हवेतून बोलणारी वायफायची दोन-तीन युनिट, घर बदललं की बॉक्समध्ये भरून पुढच्या घरी. लोक मेशला नावं ठेवतात कारण दुसरं युनिट नेमकं जिथे रेंज नाही तिथे नेऊन ठेवतात, अरे मग त्याला तरी नेट कुठून मिळणार? ते मध्ये ठेवायचं, पॅसेजमध्ये, जिथे पहिल्याचा सिग्नल अजून दमदार आहे. आणि मध्ये दार येत असेल तर फारच छान, लाकडातून सिग्नल काँक्रीटपेक्षा खूप सहज जातो.

केबलवाला_पुणे
जागेचं एकदम मान्य. पण स्वस्त मेश एकाच रेडिओवर घेतं आणि त्याच रेडिओवर पुढे देतं, म्हणजे प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते आणि स्पीड साधारण निम्मा होतो. दोन युनिटच्या आपसातल्या बोलण्याला वेगळा बँड असलेलं ट्रायबँड घेतलं तर ठीक, पण त्याची किंमत बघा. भाड्याच्या घरात चपटी लॅन केबल मिळते ती स्कर्टिंगवरून चिकटवून दाराखालून न्या, जाताना काढून घ्या.

चिऱ्याचं_घर
तुम्ही शहरवाले फ्लॅटच्या पलीकडे बघतच नाही. आमचं गुहागरकडचं घर चिऱ्याचं, जुन्या भागातल्या भिंती चांगल्या जाड आणि पावसाळ्यात त्या पाणी पिऊन बसतात, ओल्या भिंतीतून सिग्नल अजूनच मरतो, मे महिन्यात ओटीवर चालणारं वायफाय जुलैत चालत नाही. आत केबल ओढा म्हणता ते ठीक, पण घरातून बाहेरच्या खोलीपर्यंत वाडीतून तांब्याची लॅन केबल टाका असं कृपया कोणाला सांगू नका. कोकणात मे-जूनला विजा कशा पडतात माहीत आहे, जवळ कुठे पडली तरी केबलमधून झटका येऊन दोन्हीकडची यंत्रं जळतात. तिथे फायबरच टाकायची आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅन केबल जोडणारे छोटे डबे, काचेतून वीज वाहत नाही, केबल फक्त आत धातूची तार नसलेली बघून घ्यायची. आणि रिलायेबल म्हणजे काय हो? आमच्याकडे लाइट गेली की पहिलं नेट जातं, म्हणून माझ्या मते राऊटरच्या आधी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्यावा, फायबरच्या डब्यालाही आणि राऊटरलाही, एकाला देऊन काही उपयोग नाही.

जोडणीवाले_काका
मी घरोघरी जाऊन नेट जोडून देतो, आणि मी तुम्हा सगळ्यांच्या विरुद्ध बोलणार आहे. आधी काहीच विकत घेऊ नका. फायबरचा डबा कुठे असतो? मुख्य दाराच्या वर, नाहीतर टीव्हीच्या मागे, नाहीतर चपलांच्या कपाटात, कारण जोडायला आलेल्या पोराला तिथेच काम लवकर संपतं. जोडणीच्या वेळीच उभं राहून सांगा की फायबर पॅसेजपर्यंत आण, पांढरी बारीक वायर आहे, दाराच्या चौकटीवरून गेलेली दिसत पण नाही, फक्त तीक्ष्ण वळण नको. डबा घराच्या मध्यावर, खांद्याच्या उंचीला, उघडा ठेवला की टू-बीएचकेत बरेचदा तेवढ्यावर भागतं. मग २.४ चा चॅनल, म्हणजे सिग्नलची पट्टी, १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. हे करून रेंज नाही आली तर मग बोला केबल आणि मेशचं.

दीपा_नागपूर
काका, तुमचं पटलं, पण राऊटर बदलून काहीच होत नाही हे धाग्यातलं वाक्य मला अजिबात मान्य नाही. माझ्या आईबाबांकडे जुना सिंगल बँडवाला, म्हणजे फक्त २.४ चा राऊटर होता, त्याचे लॅन पोर्टच १०० एमबीपीएसचे, प्लॅन २०० चा. पैसे पूर्ण भरायचे आणि निम्म्याहून कमी मिळायचं. शिवाय घरात आता टीव्ही, दोन कॅमेरे, चार फोन, अशा गर्दीत वायफाय ६ वाला, म्हणजे वायफायच्या सहाव्या पिढीचा, खरंच बरा चालतो. आणि जुन्या मॉडेलला कंपनी अपडेट द्यायचं थांबवते, ती सुरक्षेची बाजू तुम्ही कोणीच काढली नाही. आईबाबा त्याच फोनवरून बँकेचे व्यवहार करतात, मला त्याची काळजी वाटते.

केबलवाला_पुणे
ताई, स्पीड आणि सुरक्षेसाठी बदला, जरूर बदला, माझा वाद फक्त कव्हरेजपुरता आहे, राऊटरजवळ स्पीड वाढल्याने मागची खोली जवळ येत नाही. आणि तो जुना टाकू नका असं मी एरवी म्हटलं असतं, ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरता येतो, पण अपडेट बंद झालेला असेल तर नकोच.

भाड्याने_वाकड
माझ्याकडे एक जास्तीचा आहे, दोन वर्षांचा, अपडेट अजून येतात. तो ॲक्सेस पॉइंट करायला नक्की काय करायचं? चपटी केबल टाकून बघतो.

जोडणीवाले_काका
आधी त्या जास्तीच्या राऊटरला केबलने लॅपटॉप जोडून राऊटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, बदला, मेन राऊटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. मग त्यातलं डीएचसीपी, म्हणजे फोन-लॅपटॉपना आपोआप पत्ते वाटायची सोय, बंद करा, नाहीतर दोघंही पत्ते वाटायला बसतात आणि घरातलं अर्धं नेट बंद पडतं. वायफायचं नाव आणि पासवर्ड मेनसारखाच, चॅनल मात्र वेगळा. मेनकडून येणारी केबल याच्या लॅन पोर्टमध्ये लावा, वॅनमध्ये, म्हणजे बाहेरून नेट येणाऱ्या पोर्टमध्ये, नाही.

चिऱ्याचं_घर
आणि नाव एकच ठेवलं तरी फोन लांबच्यालाच चिकटून बसतो, आमच्याकडे हाच त्रास. मी तर म्हणतो नावं वेगळी ठेवा, हाताने बदला.

जोडणीवाले_काका
वेगळी नावं ठेवलीत तर चालत्या कॉलवर खोली बदलली की कॉल कटणार. मेनची ट्रान्समिट पॉवर, म्हणजे सिग्नलची ताकद, हाय वरून मीडियमला आणा, फोन लवकर सोडतो.