मदत हवी आहे: पद्मिनी घेऊन जैसलमेर-तनोट-लोंगेवाला, उन्हात गाडी बंद पडू नये म्हणून काय करू?

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून जैसलमेर आणि तिथून पुढे रामगड, तनोट, लोंगेवाला असा बेत आहे. गाडी आमची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. बरोबर बायको, मुलगी आणि बाबा. बाबा ७४ वर्षांचे आहेत. ते कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात असेंब्लीला होते आणि तिथे असतानाच त्यांनी ही गाडी घेतली. १९७१ च्या लढाईत मुंबईत ब्लॅकआउट असायचा, काचांना काळे कागद चिकटवायचे, हे ते अजून रंगून सांगतात. त्याच लढाईतलं रणांगण असलेलं लोंगेवाला बघायचं आणि आपल्याच गाडीतून बघायचं, हे त्यांनी केव्हापासून मनात धरलंय. विमानाने जोधपूर आणि तिथून भाड्याची गाडी, हा सल्ला नातेवाइकांनी देऊन झालाय. तेवढा सोडून बाकी सगळं सांगा.

गाडी नियमित चालते, कोपऱ्यात झाकून ठेवलेली नाही. इंजिन बोअर करून घेतलंय, डायनामो काढून अल्टरनेटर बसवलाय, रेडिएटरचा कोअर नवा आहे. क्लच चांगला, पाटे चांगले. ब्रेक मात्र मूळचेच, चारही चाकांना ड्रम. फिटनेस करून आरसी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घेतली आहे. विमा, पीयूसी चालू आहे. हायवेला ताशी ६०-६५ ला गाडी खूश असते, तेवढ्यावरच चालवणार.

काळजीची गोष्ट अशी. मे महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी चढून वर आलो आणि चहाला थांबलो. टेम्परेचरचा काटा मधोमध होता, रेडिएटर उकळलेला नव्हता. चहा पिऊन सेल्फ मारला तर इंजिन नुसतं फिरतंय, पकडत नाही. बॉनेट उघडून कार्ब्युरेटरला जाणारा पेट्रोलचा पाइप सोडवला आणि बायकोला सेल्फ मारायला सांगितलं. पाइपातून पेट्रोलच्या धारेऐवजी फस्‌फस्‌ करत बुडबुडे. इंजिनाला चिकटून असलेल्या एसी पंपाला (म्हणजे मूळच्या पेट्रोल पंपाला, वातानुकूलनाशी संबंध नाही) बोट लावलं तर चटका बसला. पंपावर ओलं फडकं गुंडाळून ठेवलं. अर्ध्या तासाने एका सेल्फला गाडी सुरू, आणि पुढे साताऱ्यापर्यंत एक आचका नाही.

म्हणजे व्हेपर लॉक, नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटला, एवढं कळतं. पण खंबाटकीला चहाची टपरी होती, सावली होती, पाच मिनिटाला एक एसटी होती. रामगडच्या पुढे तसं काही नाही असं ऐकतो. रामगड-तनोट-लोंगेवाला-रामगड हा फेरा साधारण १४० किलोमीटरचा, मध्ये पेट्रोल पंप नाही. दिवाळीच्या आसपास तिकडे दुपारी पारा ३५ च्या घरात असतो. गाडीत एसी नाही, बाबा बरोबर आहेत, त्यामुळे 'अर्धा तास थांबू' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

इथल्या दोन मेकॅनिकची दोन मतं. एक म्हणतो एसी पंप काढून टाक, टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसव. दुसरा म्हणतो मूळच्या गाडीला हात लावू नको, पंपाचं किट बदल, पुरे. त्यात आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ते जुन्या रबराला खातं म्हणतात. नळ्या, डायफ्रॅम, कार्ब्युरेटरच्या वायसर, हे सगळंच बदलू का? आणि सुटे भाग काय काय बरोबर ठेवू? मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमच्या बंद झाल्या. तेव्हापासून कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, सुट्या भागांच्या बाजारात, चकरा मारूनही पूर्वीसारखा माल मिळत नाही.

रस्ता अहमदाबाद, डीसा, सांचोर, बाडमेर, जैसलमेर असा धरलाय. यात काही बदल सुचवाल का? बाडमेरच्या पुढचा भाग कुणी जुन्या गाडीने केला असेल तर त्यांचं मत आधी ऐकायचंय.

गॅरेजवाला_सांगली

पहिल्यांदा एक सांगतो. तापलेल्या इंजिनावर पेट्रोलचा पाइप उघडून सेल्फ मारायचा नाही. डेल्कोची (डिस्ट्रिब्युटरची) ठिणगी शेजारीच असते. बघायचंच असेल तर इंजिन थंड होऊ द्या, कॉइलची वायर काढा आणि पाइपाचं तोंड बाटलीत धरा.

तुमचं निदान बरोबर आहे. एसी पंप टाकीतून पेट्रोल ओढतो, ढकलत नाही. ओढताना नळीत दाब कमी होतो आणि कमी दाबाला पेट्रोल लवकर उकळतं. त्यात पंप इंजिनाच्या अंगाला. गाडी पळत असते तोवर वारा लागतो आणि ताजं पेट्रोल येत राहतं. खरी भट्टी गाडी थांबल्यावर पेटते. इथेनॉल मिसळलं की वाफ व्हायचं प्रमाण आणखी वाढतं.

म्हणून मी इलेक्ट्रिक पंपाच्या बाजूने. टाकीजवळ, खालच्या अंगाला बसवा, म्हणजे पुढच्या सगळ्या नळीत पेट्रोल दाबाखाली राहील. पण पंप कार्ब्युरेटरच्या गाडीचाच हवा, २ ते ४ पीएसआयचा. इंजेक्शनच्या गाडीचा पंप ४० च्या पुढे ढकलतो. कार्ब्युरेटरमधली फ्लोटची सुई तेवढा दाब धरूच शकत नाही, पेट्रोल ओसंडून इंजिनावर येतं. वायरिंगमध्ये रिले टाका आणि ऑइल प्रेशरचा स्विच मध्ये घ्या, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही बंद. मूळचा एसी पंप फेकू नका. किट भरून, तपासून डिकीत ठेवा. बाबांचं मन राहील आणि अडचणीला उपयोगी पडेल.

रबर सगळं बदला, त्यात दोन मतं नाहीत. नळी घेताना इथेनॉल चालणारी मागा, दुकानदार देईल ती घेऊ नका. एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या धातूच्या नळीला उष्णतारोधक कापडी बाही चढवा. कार्ब्युरेटरखालचा जाड इन्सुलेटर जागेवर आहे का बघा. बऱ्याच गाड्यांत कुणीतरी तो काढून पातळ पॅकिंग घातलेलं असतं.

आणि हे नीट वाचा. तापल्यावर गाडी बंद पडली की सगळे व्हेपर लॉकच म्हणतात. पण डेल्कोच्या पॉईंटला (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काला) जोडलेला कंडेन्सर गेला तरी अगदी हीच लक्षणं. गरम झाला की बसतो, गार झाला की चालतो. ओळखायचं असं: प्लग काढून बॉडीला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, आणि ठिणगी बघा. निळी, कडक ठिणगी म्हणजे इग्निशन ठीक, पेट्रोलकडे वळा. पिवळी, मरतुकडी ठिणगी किंवा पॉईंटमध्ये आग दिसली तर कंडेन्सर बदला. नव्या पाकिटातल्या कंडेन्सरवर भरवसा ठेवू नका. निघण्याआधी गाडीत घालून आठवडाभर चालवा आणि मग तोच बाजूला काढून स्पेअर म्हणून न्या.

सुट्या भागांत बाकी पॉईंट, रोटर, कॉइल, फॅन बेल्ट, वरचा-खालचा हौज पाइप, वॉटर पंप, हेड गॅस्केट, ब्रेकची किटं, क्लचची वायर, दोन लिटर इंजिन ऑइल, टो करायचा दोर.

मरुभूमी

मी मूळचा सोलापूरचा, पवनचक्क्यांच्या कामामुळे बरीच वर्षं जैसलमेर जिल्ह्यात आहे. रस्त्याची काळजी करू नका, डांबर उत्तम आहे. काळजी करायची ती वाळूची आणि जनावरांची.

तनोट ते लोंगेवाला रस्ता टेकाडांवरून जातो, सारखा वर-खाली. चढाच्या टोकाशी पलीकडचं काही दिसत नाही आणि उतारावर वाळूची जीभ रस्त्यावर आलेली असू शकते. दिसली तर ब्रेक मारू नका. आधीच वेग कमी करा, गिअर खालचा घ्या आणि स्टिअरिंग सरळ ठेवून एका चालीने पार व्हा. पद्मिनीची चाकं अरुंद, फोटोसाठी म्हणून डांबर सोडून एक हातही बाजूला घेऊ नका. समोरून लष्कराचा ट्रक आला तर थांबून जागा द्या. ड्रममध्ये वाळू गेली तर ब्रेक ओरडतात. परत आल्यावर ड्रम उघडून साफ करा.

टाकी रामगडला काठोकाठ भरा. पहाटे जैसलमेरहून निघा, सकाळी तनोटला मातेचं दर्शन घ्या. मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दलाकडे आहे आणि १९६५ च्या लढाईत न फुटलेले तोफगोळे तिथे ठेवलेले आहेत. मग लोंगेवाला. तिथे पाकिस्तानचे पकडलेले रणगाडे आहेत. २३ पंजाबच्या मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या तुकडीने ४-५ डिसेंबरची रात्र कशी काढली, ते त्या मोकळ्या मैदानात उभं राहिल्यावर कळतं. उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली, तोपर्यंत ही माणसं रणगाड्यांसमोर होती. बाबांना तिथे घाई करू देऊ नका. दुपारी १२ च्या आत रामगडला परतलात तर उन्हाचा प्रश्नच येत नाही.

अंधार पडल्यावर गाडी रस्त्यावर नको, हे अगदी मनापासून सांगतो. उंट रस्त्यात उभा असतो तेव्हा त्याचे पाय तेवढे उजेडात येतात, धड वर अंधारात राहतं. जुन्या हेडलाइटला तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

रेडिएटरसाठी पाणी घरूनच आणा, डिस्टिल्ड. इथलं बोअरचं पाणी खारं, कोअरमध्ये क्षार धरतो. गावांत टांक्यात साठवलेलं पावसाचं पाणी गोडं असतं, पण ते त्यांचं वर्षभराचं पिण्याचं पाणी. गाडीसाठी मागू नका.

सगळ्यांची आधार कार्डं मूळ प्रतीत ठेवा. तनोटच्या पुढे सीमेवरच्या चौकीकडे जायचं असेल तर सीमा सुरक्षा दलाची वेगळी परवानगी लागते, ती जैसलमेरला पोहोचताच विचारून घ्या. तुम्ही माळढोक पक्ष्याच्या प्रदेशातून जाताय. आमच्या सोलापूरकडच्या नान्नजला आता तो दिसायची मारामार. इथे सुदासरीकडे नशिबाने दिसतो.

जुनं_ते_सोनं

कागदपत्रांबद्दल एक. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा नंबर घेता येतो, पण मग ती गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. तुमची अजून त्या वयाची नाही. पुढे कुणी सुचवलं तर असा प्रवास मनात असेपर्यंत साधी नोंदणीच ठेवा.

टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांपुढचे टायर त्या उन्हात नेऊ नका. स्टेपनीचाही आकडा बघा, तो कुणी बघत नाही. आणि बोरघाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. ज्या गिअरने चढला असतात त्याच गिअरने उतरा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. इलेक्ट्रिक पंपाला ते आधी तयार नव्हते, पण ओढणं आणि ढकलणं हा फरक वाचल्यावर म्हणाले, "बरोबर आहे, बसव. पण जुना पंप मी स्वतः भरणार." इन्सुलेटर बघितला. आमच्या गाडीत तो खरोखरच नाही, पातळ पॅकिंग आहे. सोलेक्स कार्ब्युरेटरला बसेल असा मूळचा इन्सुलेटर पुण्या-मुंबईत कुणाकडे असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

स्टेपनीचे आकडे २०१४ चे निघाले, नवीन टायर सांगितलाय. लोंगेवालाचा फेरा मरुभूमी म्हणतात तसाच, पहाटे निघून १२ च्या आत रामगड.

दोन प्रश्न राहिले. चाळीस वर्षांच्या गाडीला रस्त्यावर मदत देणारी विमा योजना कुणी घेतली आहे का, आणि प्रत्यक्षात टोइंग मिळालं का? आणि सांचोर ते बाडमेर या टप्प्यात डेल्कोचा पॉईंट लावता येणारा मेकॅनिक कोणत्या गावात मिळेल? मरुभूमी, तुम्ही जैसलमेरला असाल तर बाबांना तुम्हाला भेटायचंय. तारखा ठरल्या की इथेच कळवतो.