विषय: तातडीचं – स्मरणिका पान 14, सेंट मेरीजच्या फोटोखालची ओळ

नमस्कार मंडळी,
छापखाना उद्या दुपारी बारापर्यंतच थांबणार आहे. पान 14 वर दुबईच्या चर्चच्या फोटोखाली ‘सेंट मेरीज, ऊद मेथा, 1967. अमिरातीतलं पहिलं कॅथलिक चर्च’ असं जातंय. हरकत असेल तर आत्ताच कळवा. गणपतीच्या अंकासारखं छापून झाल्यावर नको.
– मेधा, स्मरणिका समिती

मेधाताई,
दोन्ही चुकलंय. 1967 साली बांधलेलं चर्च पाडलं. फोटोतली इमारत 1989 ची आहे. आणि अमिरातीतलं पहिलं म्हणता येणार नाही, अबू धाबीचं सेंट जोसेफ 1965 चं. ‘दुबईतलं पहिलं’ लिहा.
अजून एक. जमीन शेख राशिद बिन सईद अल मक्तूम यांनी दिली, हे वाक्य पान उलटल्यावर येतंय. ते वर घ्या. दुबईचं तेल 1969 मध्ये निर्यात व्हायला लागलं, देश 1971 मध्ये झाला. त्याआधी, हाती फारसं काही नसताना, पोटासाठी आलेल्या परक्यांना देवापुढे बसायला जागा दिली त्यांनी. माझ्या वडिलांना याचं फार होतं. ते 1974 ला वसईहून निघून ‘द्वारका’ बोटीनं आले. पहिल्या रविवारी कामावरच होते, मग कुणीतरी सांगितलं की इथे सगळे शुक्रवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेला, जातात. जुन्या चर्चमध्ये आत जागा मिळायची नाही, अर्धे लोक आवारात उन्हात उभे. नवं बांधायची वेळ आली ती यामुळेच, असं ते सांगायचे.
– रेमंड

रेमंडदादा, शुक्रवारची सुट्टी गेली ना आता. जानेवारी 2022 पासून शनिवार-रविवार. आपला मराठी वर्ग तेव्हापासून रविवारी सकाळी ठेवलाय, आणि वसईकडच्या चार मुलांची नेमकी तीच मिस्सेची वेळ. मी दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. वर्ग शनिवारी घ्या.
– सुचेता

वर्गाचं इथे नको, त्याला वेगळी समिती आहे.
पान 14 पाडवा पहाटेच्या फोटोंना द्यायचं सप्टेंबरच्या बैठकीत ठरलं होतं, इतिवृत्त काढून बघा. चर्चबद्दल आदर आहे, पण मराठी मंडळाच्या अंकात पूर्ण पान?
– सुहास

सुहासकाका,
आमच्या वसईत मिस्सा मराठीत होते. घरात कुणी सामवेदी बोलतं, कुणी वाडवळी, पण आजीची जपमाळ मराठीतच चालायची. इथे इंग्रजी, मल्याळम, कोंकणी, टागालोग अशा कितीतरी भाषांतल्या मिस्सा ऐकत आम्ही वाढलो. आपल्या भाषेतलं मंडळ म्हणून इथे येतो. मंदिराला गेल्या वर्षी दोन पानं दिली तेव्हा आम्हीच मुद्रितं तपासली होती. एक पान मागतोय.
– सिसिलिया

सिसिलिया, मन दुखवायचा हेतू नव्हता. पान राहू दे. पहाटेचे फोटो रंगीत पानात घ्या, पण घ्या.
– सुहास

शनिवारी सभागृह मिळत नाही, म्हणून वर्ग रविवारी आहे. सकाळऐवजी दुपारी चार चालेल का, सुचेता?
– शुभदा

चालेल. धन्यवाद!
– सुचेता

मग ओळ अशी: ‘सेंट मेरीज, ऊद मेथा. दुबईतलं पहिलं कॅथलिक चर्च (1967). सध्याची वास्तू 1989.’ शेख राशिद यांचं वाक्य पहिल्या परिच्छेदात घेतलंय. सेंट मेरीज शाळा 1968 ची, तेही घातलं. पोप फ्रान्सिस अबू धाबीला आले त्याची तारीख 5 फेब्रुवारी 2019 बरोबर आहे ना?
– मेधा

आले 3 तारखेला. झायेद स्पोर्ट्स सिटीतली मिस्सा 5 ला. आईला घेऊन मध्यरात्रीच निघालो होतो, थंडी होती, तिनं शाल काही सोडली नाही. ‘5 तारखेची मिस्सा’ असं लिहा.
मेधाताई, बाबांच्या अल्बमात जुन्या चर्चचा फोटो सापडला, पाठीमागे नवी इमारत नाही, नुसती वाळू आणि दोन गाड्या. रात्रीच स्कॅन करतो. दहापर्यंत पाठवला तर जागा होईल?
– रेमंड

होईल. मोठ्या आकारात पाठवा, मोबाइलवरून काढलेला नको. जागा सोडून ठेवते.
– मेधा