वर्षात तिसरी रॅम गेली, दोष नक्की कशात?

प्रश्न (कोथरूड): डीडीआर४, ८ जीबीच्या दोन पट्ट्या. एक्सएमपी (रॅमला तिच्या जाहीर जास्त वेगावर चालवणारी सेटिंग) चालू, ३२०० मेगाहर्ट्झ. काही महिन्यांनी निळा स्क्रीन येतो, पट्टी बदलली की थांबतो. पुन्हा नवी घ्यावी का?

उत्तर (सदाशिव पेठ): आत्ता घेऊ नका. तीन पट्ट्या लागोपाठ जाणं सहसा रॅमचा दोष नसतो. एक्सएमपी बंद करून पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावा. एका वेळी एकच पट्टी, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, किमान चार फेऱ्या. रात्रभर चालू द्या. मग तीच पट्टी चौथ्या स्लॉटमध्ये. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब. स्लॉटलाच चिकटून राहिली तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसरचं सॉकेट बघा: वाकलेली पिन, किंवा कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळलेले. त्यानेही एक चॅनेल (प्रोसेसर आणि रॅममधला मार्ग) रुसतं. आणि "गेलेल्या" जुन्या पट्ट्याही तपासा, चांगल्या निघू शकतात.

उत्तर (हडपसर): एक्सएमपी बंद असताना एकही चूक नसेल तर पट्टी शाबूत आहे, फक्त तो वेग झेपत नाही. बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, नाहीतर वेग २९३३ मेगाहर्ट्झवर ठेवा. रॅमचं व्होल्टेज १.३५ व्होल्टच्या वर नेऊ नका.

उत्तर (धनकवडी): पावसाळ्यातल्या दमटपणात पट्टीच्या सोनेरी संपर्कांवर थर बसतो. खोडरबर नको, सोन्याचा मुलामा झिजतो. तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, पूर्ण वाळू द्या. वायरमनकडून अर्थिंगही तपासून घ्या, ते राहूनच जातं.